गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ कसा वाचावा

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक मराठी घरांतून, ग्रंथालयांतून आणि पाठ्यपुस्तकांतल्या उताऱ्यांतून इतके परिचित झाले आहे की ते पूर्वीच वाचून झाले आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेकांनी झाशीच्या राणीचे एखादे प्रकरण वाचलेले असते, आणि तेही नेमके कोणत्या आवृत्तीतले हे सांगता येत नाही. पेणजवळच्या वरसईचा एक कर्जबाजारी भिक्षुक १८५७ च्या आरंभी दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतो, बंडाच्या ऐन धामधुमीत सापडतो, अनेकदा लुटला जातो आणि शेवटी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन घरी परततो, एवढी ही कथा. पुस्तक कादंबरीप्रमाणे एका बैठकीत वाचता येते, आणि पहिल्यांदा तसेच वाचावे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र त्यातील कोणते वाक्य कोणाचे, कोणत्या वेळचे आणि कितपत भरवशाचे हे तपासण्याची पद्धत हवी. ती पद्धत येथे मांडली आहे. ती अन्य भटक्यांच्या आत्मकथांनाही लागू पडेल, पण उदाहरणे एकाच पुस्तकाची घेतलेली बरी.

हातातली प्रत कोणती, हे आधी ठरवा

पुस्तक उघडल्यावर मजकुराकडे वळण्यापूर्वी संपादकाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष आणि प्रस्तावना पाहावी. ‘माझा प्रवास’ची मराठी परंपरा मुख्यतः दोन पाठांची आहे. पहिला पाठ भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. गोडसे भटजींचे वैद्य घराण्याकडे जाणेयेणे होते, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिगती लिहून काढाव्यात असा आग्रह वैद्यांनीच धरला होता. त्यानुसार भटजींनी १८८३ च्या सुमारास हस्तलिखित सिद्ध केले. इंग्रज सरकारच्या धास्तीमुळे ते त्या वेळी छापले गेले नाही आणि लेखकाच्या मृत्यूनंतरच बाहेर आले. छापताना वैद्यांनी भाषा सफाईदार केली, काही मजकूर गाळला आणि काही ठिकाणी भर घातली. दुसरा पाठ मूळ हस्तलिखितावरचा आहे. वैद्यांनी ते हस्तलिखित १९२२ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवले, आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मुळाबरहुकूम आवृत्ती काढली.

याचा अर्थ असा की १९०७ ते १९६६ या जवळजवळ साठ वर्षांत ज्यांनी गोडसे भटजींची भाषा वाखाणली, त्यांची मते उचलून धरली किंवा त्यांच्यावर टीका केली, त्यांच्यासमोर वैद्यांनी हात फिरवलेला मजकूर होता. म्हणून एखाद्या जुन्या लेखात पुस्तकातील वाक्य उद्धृत केलेले आढळले की ते वाक्य पोतदारांच्या आवृत्तीत आहे का, आणि असल्यास त्याच शब्दांत आहे का, हे पाहणे अपरिहार्य आहे. दोन्ही आवृत्त्या मिळाल्या तर सबंध पुस्तक ताडून पाहण्याची गरज नाही. झाशीत प्रवेश, वेढा, शहराची कत्तल आणि काळपीच्या वाटेवरची राणीची भेट एवढी चार स्थळे समोरासमोर ठेवून वाचली तरी संपादकाचा हात कोठे आणि कशासाठी फिरला आहे याची जाण येते. आजच्या स्वस्त पुनर्मुद्रणांपैकी काहींमध्ये मूळ कोणते वापरले हे नीट सांगितलेले नसते. अशी प्रत वाचनासाठी ठीक आहे, उद्धृत करण्यासाठी नाही.

वैद्यांना दोष देण्याची घाई करू नये. भटक्यांच्या आत्मकथांवर असे संस्कार होणे हा जवळजवळ नियमच आहे. व्हेनिसचा साहसी भटक्या जाकोमो कासानोवा १७९८ मध्ये बोहेमियातील दुक्स येथे वारला तेव्हा त्याने फ्रेंचमध्ये लिहिलेले प्रचंड हस्तलिखित मागे ठेवले होते. लाइपझिगच्या ब्रोकहाउस या प्रकाशनसंस्थेने ते १८२१ मध्ये विकत घेतले, त्याचे आधी जर्मन रूपांतर काढले आणि मग झां लाफोर्ग या अध्यापकाकडून सोज्ज्वळ करून घेतलेला, पण आपल्या पदरच्या मतांचीही फोडणी दिलेला फ्रेंच पाठ छापला. मुळाबरहुकूम मजकूर वाचकांच्या हाती १९६० पासून पडू लागला. तोवर हे लिखाण कासानोवाचे नसून फ्रेंच कादंबरीकार स्तांदालचे असावे, असाही तर्क एका फ्रेंच विद्वानाने लढवला होता. त्या मानाने मूळ कागद जपून संस्थेच्या हवाली करणारे वैद्य हे वाचकांचे उपकारकर्तेच म्हणावे लागतील.

चार तारखा आणि एक पंचांग

वहीच्या पहिल्या पानावर चार काळ लिहून ठेवावेत: प्रसंग घडला तो काळ (१८५७ ते साधारण १८६० चा आरंभ), तो लिहिला गेला तो काळ (१८८३ चा सुमार), तो छापला गेला तो काळ (१९०७) आणि मूळ पाठ उपलब्ध झाला तो काळ (१९६६). पहिल्या दोहोंमध्ये सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर आहे, आणि हे अंतर वाचताना सतत मनात असले पाहिजे. तिशीच्या आसपासच्या माणसाने पाहिलेले पंचावन्नाव्या वर्षी लिहिले आहे. मधल्या काळात त्याने त्या हकिगती किती वेळा, कोणाकोणाला आणि कशा रंगवून सांगितल्या असतील याचा अंदाज प्रत्येकाने करावा. वारंवार सांगितलेली गोष्ट गोळीबंद होते आणि तिच्या कडा झिजतात. भटजींच्या निवेदनातला ओघ हे या तोंडी सांगण्याचेच फळ असावे असे मला वाटते.

कालगणनेसाठी शके आणि इसवी सन यांचा मेळ घालता आला पाहिजे. शकात ७८ मिळवले की वर्षाच्या पहिल्या नऊ-साडेनऊ महिन्यांचे इसवी सन मिळते आणि पौषाच्या आसपासपासून पुढे ७९ मिळवावे लागतात. १८५८ मध्ये चैत्र शुद्ध प्रतिपदा मार्चच्या मध्यास आली होती. म्हणजे झाशीतला चैत्रातल्या हळदीकुंकवाचा थाट आणि इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या सैन्याचे शहराबाहेर येऊन ठेपणे हे एकाच पंधरवड्यातले आहे. हे लक्षात आले की त्या वर्णनाचा रंगच पालटतो. आणखी एक अडचण पक्षाची आहे. कोकणातला माणूस अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा महिना मानतो आणि उत्तरेत पूर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारा महिना चालतो. इंग्रजी फौज ३ एप्रिल १८५८ रोजी झाशी शहरात घुसली तो दिवस पौर्णिमेनंतरचा होता. कोकणातल्या हिशेबाने तो चैत्र वद्यातला, तर झाशीतल्या लोकांच्या हिशेबाने वैशाख कृष्णातला. एखादी तिथी महिन्याभराने चुकलेली वाटली तर लेखकाला खोटे ठरवण्यापूर्वी हा फरक तपासावा.

पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे काढा

हे काम सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत फलदायी आहे. पेन्सिल घेऊन समासात प्रत्येक परिच्छेदापुढे ‘पा’ किंवा ‘ऐ’ असे अक्षर लिहावे: पाहिलेले आणि ऐकलेले. ठरवण्यासाठी एकच प्रश्न पुरतो. ही घटना घडली तेव्हा भटजी कोठे होते? वरसई, पुणे, महू, उज्जयिनी, धार, ग्वाल्हेर, झाशी, काळपी, चित्रकूट, ब्रह्मावर्त (बिठूर), लखनौ, अयोध्या, काशी ही नावे नकाशावर मांडून त्यांच्यापुढे महिने टाकले की उत्तर बहुधा आपोआप मिळते.

उदाहरण म्हणून बंडाच्या कारणांचे कथन घ्यावे. सरकारने राजेरजवाड्यांना कलकत्त्यास बोलावून धर्मात फेरबदल करणारी चौऱ्याऐंशी कलमे त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यातून असंतोष पेटला, असे भटजी सांगतात. अशी सभा भरल्याला आधार नाही. ही वाटेवर, छावणीत, धर्मशाळेत ऐकलेली वार्ता आहे, आणि समासात तिच्यापुढे ‘ऐ’ लिहावे लागेल. परंतु ‘ऐ’ म्हणजे टाकाऊ नव्हे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला होता, काडतुसांची गोष्ट सगळीकडे पसरली होती, आणि या दोहोंची सरमिसळ होऊन साध्या माणसांच्या मनात सरकारचा कोणता हेतू उभा राहिला होता, हे त्या चौऱ्याऐंशी कलमांच्या आख्यायिकेइतके स्पष्ट क्वचितच दुसरीकडे दिसेल. सभेचा पुरावा म्हणून हा परिच्छेद निकामी आहे. अफवेचा पुरावा म्हणून अस्सल आहे.

तीच गोष्ट झाशीचे राजे आणि राणीचे पती गंगाधरराव नेवाळकर यांच्याविषयीच्या चविष्ट कथांची. गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये वारले आणि भटजी झाशीत पोहोचले ते बंड सुरू झाल्यानंतर. राजाच्या लहरींचे, दरबारातल्या भानगडींचे जे काही ते सांगतात ते गावगप्पांतून आलेले आहे. जून १८५७ मध्ये झाशीतल्या इंग्रजांची जी कत्तल झाली आणि तिच्यात राणीचा हात होता की नव्हता यावर पुढे एवढा वाद माजला, तीही भटजींच्या आगमनापूर्वीची. या वादात त्यांना साक्षीदार म्हणून उभे करणारे लेख अधूनमधून दिसतात. ते वाचताना हे ध्यानात ठेवावे.

याउलट वेढ्याच्या दिवसांचे वर्णन वाचताना समासातली ‘पा’ अक्षरे दाट होतात. तोफांचे गोळे, पाण्याची आणि अन्नाची चणचण, शहर पडल्यानंतरचे ‘बिजन’ म्हणजे सरसकट कत्तल, घराघरांत शिरून चाललेली लूट, जाळलेल्या हवेल्या आणि नासधूस झालेला ग्रंथसंग्रह हे सगळे ते शहरात अडकलेल्या माणसाच्या नजरेने लिहितात. ग्रंथांच्या नाशाबद्दलची हळहळ तर पोथीवर जगणाऱ्या माणसाचीच असू शकते. मात्र येथेही राणी किल्ल्यावर काय बोलली, कोणाशी मसलत केली, कोणत्या वेळी बाहेर पडली हे तपशील पुन्हा ‘ऐ’ कडे जातात, कारण त्या वेळी भटजी किल्ल्यावर नव्हते.

काळपीच्या वाटेवरच्या भेटीचा प्रसंग या दोन अक्षरांच्या मधोमध बसतो. धुळीने माखलेली, तहानलेली राणी विहिरीपाशी येते, पाणी काढून देऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला थांबवते आणि आपल्या नशिबाविषयी चार वाक्ये बोलते. हा मजकूर असंख्य चरित्रांतून, भाषणांतून, नाटकांतून फिरला आहे. भेट झाली हे लेखक स्वतःच्या अनुभवाचे म्हणून सांगतो आणि ती अशक्य वाटण्याजोगे त्यात काही नाही. पण राणीच्या तोंडचे शब्द पंचवीस वर्षांनी लिहिलेले आहेत. आशय स्वीकारावा आणि शब्दांना टिपणाचा दर्जा देऊ नये, हा मला योग्य वाटणारा मध्यममार्ग आहे. तिचे ते वाक्य ‘राणी म्हणाली’ असे न लिहिता ‘गोडसे भटजींच्या सांगण्यानुसार राणी म्हणाली’ असे लिहिण्यास चार शब्द अधिक लागतात. ते खर्च करावेत.

निवेदकाचा स्वार्थ कोठे आहे ते पाहा

साहसाच्या कथा लिहिणारा माणूस सहसा स्वतःला प्रसंगाच्या मध्यभागी उभा करतो. कासानोवा व्हेनिसच्या तुरुंगातून १७५६ मध्ये निसटला. त्याची अटक आणि शिक्षा व्हेनिसच्या दप्तरात नोंदलेली आहे. पण पलायनाचे बारकावे तो स्वतः वर्षानुवर्षे मेजवान्यांत सांगत राहिला आणि त्यात नायक तोच आहे. गोडसे भटजींचे वेगळेपण येथे उठून दिसते. ते घाबरतात, लपतात, रडतात, पैसे दडवतात आणि हे सगळे लिहूनही ठेवतात. शौर्याचा दावा त्यांनी कोठेच केलेला नाही. स्वतःला लहान करणारा तपशील लेखक विनाकारण रचत नाही, म्हणून अशा जागा विश्वासाच्या यादीत वर ठेवाव्यात.

त्यांचा स्वार्थ दुसरीकडे आहे, आणि तो त्यांनी लपवलेला नाही. घरचे कर्ज फेडायचे आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, तेथे मोठी दक्षिणा मिळेल, या वार्तेवर काका-पुतणे निघाले आहेत. त्यामुळे कोणत्या दरबारात काय मिळाले, कोणाकडे ब्राह्मणांचा मान कसा राहिला, कोणी किती दानधर्म केला याचा हिशेब पुस्तकभर आहे, आणि दात्याविषयीचे मत त्या हिशेबापासून पूर्णपणे अलग करता येत नाही. राणीविषयीच्या आदरात तिच्या आश्रयाचाही वाटा आहे, असे म्हटल्याने राणीला उणेपणा येत नाही. ज्यांच्याकडून दक्षिणेची अपेक्षा नव्हती ते लोक पुस्तकात किती थोडे बोलतात हेही पाहावे. शिपाई, कोष्टी, शेतकरी, वाटाडे, पाणी भरणाऱ्या बाया येतात, पण त्यांची नावे फारशी राहत नाहीत. ही उणीव नोंदवावी आणि पुढे जावे. एकोणिसाव्या शतकातल्या भिक्षुकाकडे आजच्या समाजशास्त्रज्ञाची दृष्टी मागणे व्यर्थ आहे.

दुसऱ्या बाजूचे कागद

झाशीच्या प्रकरणासाठी समोरच्या छावणीतल्या माणसांची पुस्तके उपलब्ध आहेत. मद्रास सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या पथकाबरोबर असलेले डॉक्टर थॉमस लो आणि लष्करी डॉक्टर जॉन हेन्री सिल्व्हेस्टर या दोघांनीही मध्य हिंदुस्थानातील मोहिमेवर १८६० मध्ये पुस्तके प्रसिद्ध केली. त्यांच्यावरून तारखा पक्क्या करता येतात: १ एप्रिलला बेटवेच्या काठी तात्या टोप्यांचा पराभव, ३ एप्रिलला शहरावर हल्ला, २३ मे रोजी काळपीचा पाडाव. तटाबाहेरून पाहणारा आणि तटाआत अडकलेला असे दोन साक्षीदार एकाच आठवड्याबद्दल बोलत असताना त्यांची विधाने शेजारीशेजारी दोन रकान्यांत लिहावीत. तारखा, सैन्याची संख्या, तोफांच्या जागा यांसाठी बाहेरच्या साक्षीदाराला आणि गल्ल्यांत, घरांत, विहिरींत काय घडले यासाठी आतल्या साक्षीदाराला अधिक वजन द्यावे. मात्र इंग्रज लेखकांनाही आपल्या सैन्याची बाजू सावरायची होती. कत्तलीत बायकामुलांना इजा झाली नाही अशा तऱ्हेचे विधान आले की ते कोण, कोणासाठी लिहीत आहे हा प्रश्न तेथेही विचारावा.

स्वागताचा इतिहास कसा लिहावा

पुस्तकाचे स्वागत म्हणजे केवळ परीक्षणे नव्हेत. कोणी छापले, कोणी गाळले, कोणी दुसऱ्या भाषेत नेले, कोणत्या पानांवर बोट ठेवले आणि कोणती पाने उलटून टाकली हा सगळा स्वागताचाच भाग आहे. १९०७ हे वर्ष बंडाच्या पन्नाशीचे आणि स्वदेशीच्या चळवळीतले. त्या वेळच्या वाचकाला राणीचा पराक्रम हवा होता, आणि पुस्तकाचा तोच भाग पुढे गेला. हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर यांनी ते हिंदीत नेले तेव्हा त्यांना बंडाची लोकांच्या तोंडची हकिगत हवी होती. पुढे अवधमधल्या गावोगावी हिंडून त्यांनी १८५७ च्या आठवणी स्वतः गोळा केल्या, यावरून त्यांची ओढ कळते. २०११ ते २०१४ या अवधीत मृणाल पांडे, सुखमणी रॉय आणि प्रिया आडारकर–शांता गोखले यांची तीन इंग्रजी भाषांतरे आली. एका मराठी पुस्तकाच्या वाट्याला एवढ्या थोड्या वर्षांत तीन इंग्रजी रूपे येणे विरळा. बंडाच्या दीडशे वर्षांच्या निमित्ताने प्रत्यक्षदर्शी भारतीय साक्षीदारांची मागणी वाढली, हे त्याचे एक कारण दिसते. प्रत्येक भाषांतराच्या शीर्षकात आणि मलपृष्ठावर काय ठळक केले आहे, बंड की ब्राह्मण, साहस की हालअपेष्टा, एवढे टिपले तरी त्या आवृत्तीने कोणता वाचक गृहीत धरला ते उमगते.

‘मराठीतील पहिले प्रवासवर्णन’ हे बिरुद या पुस्तकाला सर्रास लावले जाते. ते वापरण्यापूर्वी आपण लेखनाविषयी बोलत आहोत की मुद्रणाविषयी हे स्पष्ट करावे. भटजींचे हस्तलिखित १८८३ च्या सुमाराचे असले तरी छापील पुस्तक १९०७ चे आहे, आणि पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त १८८९ मध्येच छापून वाचकांच्या हाती आले होते.

स्वागताच्या इतिहासात सर्वांत उपेक्षित राहिला आहे तो झाशीनंतरचा भाग, आणि माझ्या मते पुस्तकाचा गाभा तोच आहे. राणीची गोष्ट संपते तेथे बहुतेक लेखक पुस्तक मिटतात. पण त्यानंतर भटजी चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी असे हिंडत राहतात. कमावलेले गमावतात, तरीही तीर्थे सोडत नाहीत, आणि आईवडिलांना गंगास्नान घालायचे म्हणून कावड घेऊन शेकडो कोस चालत येतात. जळून गेलेल्या प्रांतातून सोवळेओवळे सांभाळत कावड आणणाऱ्या माणसाला बंड म्हणजे काय वाटले, हे झाशीच्या पानांपेक्षा येथे अधिक समजते. वाचनमंडळात पुस्तक घ्यायचे असेल तर पहिली बैठक झाशीवर न घेता परतीच्या प्रवासावर घ्यावी. झाशी सर्वांना ठाऊक असते आणि चर्चा ठराविक वळणाने जाते.

टिपण लिहिताना शेवटी न जुळलेल्या गोष्टींची एक यादी स्वतंत्र ठेवावी. दोन आवृत्त्यांत वेगळी आलेली वाक्ये, इंग्रज लेखकांशी न जमणाऱ्या तारखा, मुक्काम आणि महिना यांचा मेळ न बसणारी ठिकाणे तेथे नोंदवावीत आणि ती ओढूनताणून जुळवू नयेत. नंतर एखादे दप्तर, पत्र किंवा दुसरी आवृत्ती हाती आली की तपासणी याच यादीपासून सुरू करता येते.